अणुभट्टी आणि भामाक्काचा सूर

गुरुमूर्ती पंख्याचं बटण दाबतो आणि लगेच हात मागे घेऊन पाठीशी बांधतो. मग पंखा आपल्या वेगाला येईपर्यंत वर पाहत उभा राहतो. दुधाखालचा गॅस लहान केला तरी तेच, बागेचा नळ फिरवला तरी तेच. एकदा हात लावायचा आणि त्याचं काय होतं ते दिसेपर्यंत पुन्हा लावायचा नाही. तंजावूरच्या आमच्या मेल वीदी या रस्त्यावरच्या शाळकरी पोरी त्याला ‘स्लो मोशन ताता’, म्हणजे आजोबा, म्हणतात. त्याला ते ठाऊक आहे.

“खरंच आहे की, चंद्रक्का,” तो मला म्हणाला. “अडतीस वर्षं मी हळू असण्याचीच नोकरी केली.”

आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. गुरुमूर्ती पाच वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याला पाहते आहे. त्याची थोरली बहीण भामा माझी मैत्रीण, माझ्याहून एका वर्षाने लहान. मी नन्सच्या शाळेत जायची, ती नगरपालिकेच्या तमिळ शाळेत, आणि संध्याकाळी दोघी एकाच ओट्यावर बसायचो. त्यांची आई लवकर गेली. भामाने धाकट्या भावाला कडेवर घेऊनच घर सांभाळलं आणि कडेवर घेऊनच शनिवारी मठातल्या भजनाला नेलं. पुढे भामाचं लग्न झालं. तीन वर्षांत ती परत आली. का आली ते तिने मलाही सांगितलं नाही. मी रोजच्या नोंदी लिहिते त्या वहीत त्या तारखेला एक ओळ कोरी आहे. परत आली त्या आठवड्याच्या शनिवारी मात्र ती मठात पहिल्या रांगेत आपल्या जागेवर बसली होती, हे लिहिलेलं आहे.

गुरुमूर्तीने डिप्लोमा केला आणि मद्रासच्या खाली समुद्रकाठी असलेल्या एका अणुवीज केंद्रात त्याला काम मिळालं. कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर. पहिल्या रजेवर आला तेव्हा मी त्याला ओट्यावर बसवून विचारलं, “अणू फोडतात म्हणजे काय करतात रे? आम्हाला सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवलं होतं, अणू म्हणजे ज्याचे तुकडे होत नाहीत तो. मी लाल शाईने अधोरेखित केलं आहे.”

“खोडू नका,” तो हसला. “बहुतेक अणूंच्या बाबतीत सिस्टरचं बरोबरच आहे.”

मला वाटलं होतं की कुठेतरी मोठा घण असेल, निदान मोठा आवाज तरी. त्याने सांगितलं ते वेगळंच होतं. युरेनियमच्या एका जातीच्या अणूचा गाभा केळीच्या पानावरच्या पाण्याच्या थेंबासारखा असतो, जेमतेम स्वतःला सावरून धरलेला. त्याच्यात एक न्यूट्रॉन येऊन शिरतो. न्यूट्रॉनवर कसलाही विद्युतभार नसतो, म्हणून दारात त्याला कोणी अडवत नाही. तो आत आला की थेंब थरथरतो, लांबट होतो, मध्ये कमरेसारखा बारीक होतो आणि त्याचे दोन थेंब होतात, एक थोडा मोठा, एक थोडा लहान. ते एकमेकांपासून जोराने दूर पळतात आणि आजूबाजूला आपटून थांबतात. ते आपटणं म्हणजेच उष्णता. तिनेच पाणी तापतं, वाफ होते, टर्बाइन फिरतं, आणि भामाच्या स्वयंपाकघरातला दिवा लागतो.

“आणि फुटताना त्यातून नवे दोन-तीन न्यूट्रॉन निघतात,” तो म्हणाला. “ते पुढच्या अणूंकडे जातात. पण ते फार घाईत असतात, अक्का. इतक्या घाईत, की अणूच्या शेजारून जातात आणि त्याला पत्ता लागत नाही. म्हणून आम्ही त्यांना जड पाण्यातून फिरवतो. पाण्याच्या कणांवर धडकत धडकत ते सावकाश होतात. सावकाश आलेल्यालाच घरात घेतात.”

त्या दुपारी मला ओट्यावरच डोळा लागला. स्वप्नात मी कसलंही वजन नसलेली होते आणि मोठ्या, कोमट, निर्मळ पाण्यात एका दारावरून दुसऱ्या दारावर हळूच आदळत चालले होते. कुठलंही दार बंद नव्हतं. जाग आली तेव्हा भामा आतून कॉफीसाठी हाक मारत होती, “चंद्री, कापी निवते आहे गं!”

गुरुमूर्तीची पत्रं यायची, मोजक्या ओळींची. त्यातलं एक मी जपून ठेवलं आहे. भट्टी पहिल्यांदा चालू झाली तेव्हाचं. आत भरलेल्या इंधनाभोवती जड पाणी होतं आणि त्या पाण्यात बोरॉन विरघळवलेलं होतं. बोरॉन न्यूट्रॉन गिळतं. त्यांनी ते बोरॉन थोडंथोडं काढत नेलं. एका कोपऱ्यात मोजणीचं यंत्र टिकटिक करत होतं. थोडं बोरॉन काढलं की टिकटिक वाढायची आणि मग एका जागी स्थिरावायची. गुरुमूर्ती आलेखाच्या कागदावर ठिपके मांडत होता. मग एकदा टिकटिक वाढली आणि स्थिरावली नाही. कोणी काही न करता, अगदी मंद चालीने, आपली आपण वाढत राहिली. “सगळे गप्प झाले,” त्याने लिहिलं होतं. “मोठ्या साहेबांनी चष्मा पुसला. वर्तमानपत्रात ‘क्रिटिकल’ हा शब्द आला तर भिऊ नका. त्याचा अर्थ एवढाच, की आता प्रत्येक फुटणारा अणू आपल्यामागे बरोबर एक फुटणारा अणू ठेवतो. एकाहून कमी झाले तर भट्टी विझत जाते. जास्त झाले तर वाढत जाते. बरोबर एक असला की ती तुमच्या-माझ्यासारखी दिवस काढते.”

निघालेल्या दोन-तीनांपैकी एक कामी यायचा, बाकीच्यांचं काय? काही बाहेर निसटतात, काही इंधनातच मुरतात, आणि उरलेल्यांसाठी न्यूट्रॉन गिळणाऱ्या कांड्या असतात. त्यांना तिथे नुसतं ‘रॉड’ म्हणतात. रॉड थोडा आत गेला की भट्टी मंदावते, थोडा बाहेर आला की चढते. आणि काही रॉड अगदी वर टांगून ठेवलेले असतात. त्यांना विजेने धरून ठेवलेलं असतं. वीज गेली की ते आपल्या वजनाने खाली पडतात आणि दोन सेकंदांत सगळं थांबतं. हे मला फार आवडलं. थांबवायला जोर लागत नाही. चालू ठेवायला लागतो.

लग्न राहून गेलं त्याचं. शिफ्टची नोकरी, मुली पाहायच्या ठरल्या की नेमकी शिफ्ट बदलायची, असं तो सांगतो. भामाचं म्हणणं वेगळं. “होय म्हणायला याला इतका वेळ लागला, की त्या मुलींस नातवंडं झाली!”

दहा वर्षांपूर्वी तो निवृत्त होऊन एका पत्र्याच्या पेटीसह परत आला. भामाच्या घराच्या पुढच्या खोलीत त्याने पलंग टाकला. त्याच सुमाराला भामाला ऐकू येईनासं झालं. आधी फोन गेला, मग दूरदर्शनवरच्या बातम्या, मग दारावरचा भाजीवाला. यंत्र आणलं, ते कानात शिट्ट्या मारायला लागलं. ते आता सुपारीच्या डब्यात असतं. तिच्याशी बोलायचं तर समोर बसून ओठ हलवावे लागतात. लोकांना तेवढा वेळ नसतो. हळूहळू लोक तिच्याशी बोलण्याऐवजी तिच्याकडे पाहून हसून मान हलवायला लागले. ती पण हसून मान हलवायची.

उरलं फक्त शनिवारचं भजन. तिथे जमीन बोलते. मठाची फरशी जुनी आहे. मृदंग वाजला की तो फरशीतून तळहाताला कळतो. भामा डावा हात फरशीवर टेकून बसते, डोळे भागवतरांच्या ओठांवर. आमच्याकडे भजनात पुढे गाणाऱ्याला भागवतर म्हणतात. तो एक ओळ म्हणतो, बाकीचे तीच ओळ परत म्हणतात. भामा ओठांवरून ओळ घेते, फरशीवरून ताल घेते, आणि मग गाते. सूर अजून शाबूत आहे, बारीक, सरळ. पण हे सगळं गोळा करून यायला तिला एक क्षण जास्त लागतो. तीस-चाळीस माणसांचा आवाज संपतो आणि त्याच्यामागे तिचा एकटीचा शेवटचा शब्द येतो.

गेली काही वर्षं भागवतर आहे आमचा रघुराम राव. बँकेत अधिकारी, आवाज मोकळा, अंगात उत्साह. त्याच्या भजनाला एक खोड होती. लोकांची ओळ पुरी व्हायच्या आत तो पुढची उचलायचा. लोकांना वाटायचं आपण मागे पडलो, ते आणखी लवकर म्हणायचे. मग तो त्याहून लवकर. पाच मिनिटांत सगळे धापा टाकत असायचे आणि मृदंगवाला घाम पुसायचा. रघुरामला वाटायचं, रंग चढला.

गेल्या मार्गळीत, म्हणजे डिसेंबरात, तिरुवैयारुला नदीकाठच्या एका मठात आमच्या मंडळीचं पहाटेचं भजन ठरलं. त्याचं रेकॉर्डिंग होऊन यूट्यूबवर जाणार होतं. पुण्याच्या, बडोद्याच्या लोकांनी तंजावूरचं मराठी भजन ऐकावं, ही रघुरामची मनापासूनची इच्छा. त्यासाठी एका शनिवारी त्याने मोबाइलवर चाचणी म्हणून भजन टिपलं आणि दुसऱ्या दिवशी ते ऐकवायला गुरुमूर्तीकडे आला. मी तिथेच तांदूळ निवडत होते. भामा समोर बसून कापीचे पेले पुसत होती. तिला अर्थात काही ऐकू येत नव्हतं.

“अण्णा, हे ऐका,” रघुराम म्हणाला. “प्रत्येक ओळीच्या शेवटी. हे पाहा, आला. परत आला. मठात एवढं जाणवत नाही, पण यात...”

प्रत्येक ओळीच्या शेवटी भामाचा एक शब्द, एकटा, उघडा.

“भामाक्का माझ्या आजीसारख्या आहेत,” तो म्हणाला. त्याने मान खाली घातली होती. “पहिल्या रांगेतच बसू देत. हात जोडून बसू देत. फक्त त्या दिवशी गायचं नाही. तुम्हीच समजावा. मला नाही जमायचं.”

तो गेल्यावर भामाने विचारलं, “काय म्हणत होता? एवढं तोंड का उतरलं त्याचं?”

गुरुमूर्तीने विषय कापीकडे वळवला. आणि इथे त्याने चूक केली. सगळ्या आयुष्यात यंत्राच्या बाबतीत जी कधी केली नव्हती ती बहिणीच्या बाबतीत केली. पुढच्या शनिवारी तो तिच्याजवळ बसला आणि ओळ सुरू व्हायची त्या क्षणी तिच्या गुडघ्यावर बोटाने ठोकायला लागला, म्हणजे ती वेळेवर येईल. ती दचकली आणि चुकली. त्याने पुन्हा ठोकलं. ती त्याच्या बोटाकडे पाहायला लागली, तर भागवतरांचे ओठ सुटले. ओठांकडे पाहिलं, तर बोट सुटलं. तिसऱ्या ओळीला ती लवकर आली, सगळ्यांच्या आधी. समोरच्या दोन पोरी हसल्या. पाचव्या ओळीनंतर भामाने तोंड मिटलं आणि हात फरशीवरून उचलून मांडीवर ठेवला.

घरी आल्यावर ओट्यावर चप्पल काढताना ती म्हणाली, “तर हेच सांगायला आला होता रघू. मी उशिरा येते.”

“अक्का, तसं नव्हे...”

“मला बहिरी म्हण. खुळी म्हणू नको. गुडघ्यावर ठोकतोस? तुला चालायला मी असं ठोकून शिकवलं होतं? मी येत नाही आता. तुम्ही गा की, वेळेवर.”

आणि तिने आतलं दार लावून घेतलं. पासष्ट वर्षांत ती भजनाला येणार नाही म्हणाली ती ही पहिली वेळ. तेही मी माझ्या वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरुमूर्तीला म्हटलं, “जा, आत जा, पाय धर तिचे.”

“आता नाही,” तो म्हणाला. “अर्धा तास होता हातात, तो गेला. आता दीड दिवस.”

“कसला दीड दिवस?”

मग त्याने सांगितलं. भट्टी काही कारणाने थांबली, की आत एक वायू साठायला लागतो, झेनॉन. चालू असताना तो जळून जात असतो. थांबली की साचतो आणि न्यूट्रॉन गिळत सुटतो. थांबल्यावर अर्ध्या तासाच्या आत पुन्हा सुरू केली तर होते. नाही तर मग तुम्ही सगळे रॉड ओढून बाहेर काढले तरी ती पेटत नाही. दीड दिवस वाट पाहायची. तो वायू आपोआपच ओसरतो. एकदा दुपारी त्याच्या शिफ्टमध्ये भट्टी थांबली होती. का थांबली ते नीट कळलं नव्हतं. वरचे साहेब घड्याळ दाखवत होते, पंचवीस मिनिटं झाली, चालू कर. त्याने कारण सापडेपर्यंत हात लावला नाही. दीड दिवस अर्धं शहर दुसरीकडची वीज वापरत राहिलं आणि त्याला बोलणी बसली. कारण सापडलं ते अगदी क्षुल्लक होतं, एक बिघडलेलं मोजमापाचं यंत्र. “तरी मी पुन्हा तसंच करीन,” तो म्हणाला. “कारण कळल्यावाचून हात लावायचा नाही. काल मी लावला.”

तो दीड दिवस गुरुमूर्ती खुर्चीत बसून राहिला. मधून मधून मी डोकावायची. उन्हाची तिरीप फरशीवरून सरकत भिंतीवर जायची, भामाच्या दाराखालून भांड्यांचा आवाज यायचा. त्याने मला एकदा त्या केंद्रातला पाण्याचा तलाव वर्णन करून सांगितला होता. वापरून झालेलं इंधन ज्यात खोल बुडवून ठेवतात तो. दिवे मालवले की त्या पाण्यात निळा उजेड दिसतो, कुठल्याही साडीत, कुठल्याही आकाशात नसलेला निळा. काम संपलेल्या इंधनातून तो येत असतो. तिथे कोणी मोठ्याने बोलत नाही, म्हणाला. त्या दीड दिवसात ते घर मला तसं वाटत होतं.

मंगळवारी तो रघुरामला घेऊन आमच्या ओट्यावर आला. मी साक्षीला.

“रघू, तुला एक सांगतो. भट्टीतला एक न्यूट्रॉन दुसरा अणू फोडतो आणि नवे निघतात, याला एका सेकंदाचा हजारावा भाग लागतो. आता समज, हजारात फक्त एक जास्त झाला. एका सेकंदात ताकद किती होईल?”

“थोडी वाढेल.”

“पावणेतीन पट. दहा सेकंदांत बावीस हजार पट.”

रघुरामने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मी लॉगच्या कोष्टकावरून आधीच पडताळून पाहिलं होतं.

“मग तुम्ही रॉड हलवणार कधी?”

“तेच. कुठल्याही माणसाचा हात तेवढा जलद नाही. मग मी अडतीस वर्षं तिथे बसून कापी कशी प्यायली?” तो म्हणाला. “सगळे न्यूट्रॉन अणू फुटतानाच निघत नाहीत. दीडशेत एखादा मागे राहतो. फुटलेले तुकडे जरा स्थिर झाले, की त्यातल्या एखाद्यातून निघतो. काही सेकंदांनी, कधी मिनिटभरानेही. उशिरा येणारा.”

“आणि तो बाकीच्यांना हळू करतो?”

“नाही. सगळ्यांना असंच वाटतं. तो कोणाला काही करत नाही. करतो आम्ही. आम्ही भट्टी अशी लावतो, की वेळेवर येणाऱ्यांच्या जोरावर ती पुरी पडू नये. जरासं कमी पडावं. तेवढं जरासं हे मागून येणारे भरून काढतात. म्हणून सगळ्या भट्टीला त्यांच्यासाठी थांबावं लागतं. थांबावं लागतं म्हणून माणसाच्या हाताला वेळ मिळतो. ज्या दिवशी भट्टी त्यांच्यावाचून चालायला लागेल, त्या दिवशी ती कोणाच्याच हातात राहणार नाही.”

रघुरामचा आवाज चढला. “म्हणजे काय अण्णा, चाळीस माणसांनी एका बाईसाठी दर ओळीला थांबायचं? रेकॉर्डिंगमध्ये? लोक म्हणतील, भागवतर विसरला.”

“म्हणू देत.”

“रंगच चढायचा नाही!”

“तुझा रंग चढतो तेव्हा मृदंगवाल्याचं तोंड बघितलंस कधी?” मी म्हटलं. मला बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं.

रघुराम उठला. चपला घालताना म्हणाला, “विचार करतो.” त्याचं काय ठरलं ते आम्हाला कळलं नाही.

भामाला तिरुवैयारुला न्यायला गुरुमूर्तीला फार बोलावं लागलं नाही. दीड दिवस कधीच सरला होता. तो तिच्यासमोर पाटावर बसला, ओठ नीट हलवत म्हणाला, “अक्का, मी चुकलो. गुडघा तुझा, ताल तुझा. मी हात लावणार नाही. चल.”

“गाणार नाही मी.”

“नको गाऊस. कावेरी बघ.”

रविवारी पहाटे आम्ही टेम्पोने निघालो. नदीवर धुकं होतं, पाणी दिसत नव्हतं, फक्त ते जात असल्याचं कळत होतं. मठात सव्वाशेच्या वर माणसं होती, गावातलीही बरीच. रेकॉर्डिंगवाल्यांनी तारा पसरल्या होत्या. भामा शाल लपेटून पहिल्या रांगेत बसली. हात मांडीवर.

रघुरामने सुरुवात केली. पहिल्या नामावळीत तो नेहमीसारखाच होता. दुसरीत वेग वाढायला लागला. लोकांची ओळ संपायच्या आत त्याची पुढची, मग लोक त्याच्या आधी. मृदंग धावत होता. भामाचा हात मांडीवरून सरकून केव्हा फरशीवर आला ते मी पाहिलं नाही; पाहिलं तेव्हा तो तिथे होता. तिचे ओठ मिटलेले होते. गुरुमूर्ती तिच्याकडे पाहत नव्हता. त्याने डोळे मिटले होते.

तिसरी नामावळी. रघुरामने एक ओळ म्हटली, सगळ्यांनी परत म्हटली. आणि त्याने पुढची उचलली नाही.

मृदंगवाला एकटाच ठेका धरून राहिला. सव्वाशे माणसं गप्प. कोणीतरी खोकलं. रेकॉर्डिंगवाल्याने मान वर करून पाहिलं. रघुराम भामाकडे पाहत होता, आणि मला त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. धुकं दारातून आत आलं होतं. मला वाटलं आम्ही सगळे खोल, निवांत पाण्यात बसलो आहोत आणि काहीतरी अगदी सावकाश आमच्याकडे येत आहे.

भामा त्याच्या ओठांकडे पाहत होती. ओठ हलत नव्हते. तिने जरा वाट पाहिली. मग कोणी गात नाही तर आपणच ओळ पुरी केली पाहिजे, अशा बेताने तिने ती पूर्ण ओळ म्हटली. एकटीने, बारीक, सरळ. शेवटचा शब्द संपला तेव्हा रघुरामने पुढची ओळ घेतली.

त्यानंतर तो दर ओळीला थांबला. पहिल्या दोन-तीन वेळा लोक गोंधळले, मग त्यांनीही ते धरलं. वेग वाढला नाही, कमीही झाला नाही. एका चालीने तासभर भजन चाललं. मागच्या रांगांतले म्हातारे, ज्यांनी कित्येक वर्षांत नुसत्या टाळ्या वाजवल्या होत्या, ते गायला लागले. उजाडलं, धुकं उठलं, नदी दिसायला लागली, आणि तरी चाललंच होतं. माझ्या हातात घड्याळ असून मी वेळ पाहिली नाही; त्या दिवशीच्या नोंदीत फक्त ‘उजाडेपर्यंत’ असं आहे.

परतताना टेम्पोत रघुराम आमच्या समोर बसला होता. भामाने त्याला गुडघ्यावर टिचकी मारून बोलावलं.

“रघू, चांगलं झालं रे. पण एक सांगते, राग मानू नकोस. आज तुम्ही सगळे फार रेंगाळत होता. दर ओळीला मला वाट पाहावी लागली.”

रघुरामने गुरुमूर्तीकडे पाहिलं. गुरुमूर्ती खिडकीबाहेर पाहत होता, खांदे हलत होते.

“पुढच्या शनिवारपासून सुधारतो, भामाक्का,” रघुराम ओठ सावकाश हलवत म्हणाला. “तुम्ही वेळेवर या म्हणजे झालं.”

“मी केव्हा उशीर केला?” भामा म्हणाली आणि शाल सारखी करून नदीकडे पाहायला लागली.